बांधावरचा तरवड

दर वर्षी 30 सप्टेंबरला अब्बा जुन्या गावी जायचा हट्ट धरतात. वय 78. गुडघे धरलेले, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तरी त्या दिवशी फज्रची नमाज झाली की चपला घालून ओट्यावर बसतात आणि आम्ही गाडी काढेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत.

जुनं गाव म्हणजे लोहारा तालुक्यातलं, सास्तूरच्या बाजूचं. आता तिथे कुणी राहत नाही. भूकंपानंतर गाव दुसऱ्या जागी वसवलं गेलं. सिमेंटची घरं, सरळ रस्ते, नवी मशीद, नवं कब्रस्तान. जुन्या गावठाणात दगडांचे ढीग आणि त्यांच्यातून वर आलेली वेडी बाभूळ. त्या पलीकडे माळाच्या उतारावर जुनं कब्रस्तान आहे. अब्बा तिथे जातात, बांधापाशी उभे राहतात, हात उचलून दुआ मागतात आणि परत फिरतात. कुठल्याही एका कब्रीजवळ ते जात नाहीत, कारण आपली कब्र कुठली हे त्यांना ठाऊक नाही.

आम्ही आज तिघं भावंडं आहोत. आपा, भाई आणि तिसऱ्या नंबरची बहीण. पण मुळात आम्ही चार होतो.

1993 च्या त्या आठवड्यात नाना आजारी होते म्हणून अम्मी आम्हा तिघांना घेऊन तुळजापूरला माहेरी गेली होती. धाकटी सहा वर्षांची. ती आली नाही. गावात गणपती विसर्जनाची मिरवणूक होती, लेझीम होती, तिला ती बघायची होती. ती दादा-दादीजवळ राहिली. अब्बा सोलापुरात यंत्रमागावर कामाला होते. विसर्जन आटोपून दमलेलं गाव झोपलं आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आमचं घर दगड-मातीचं होतं, वर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून आपल्या भागात सगळे तसंच बांधत. तेच माळवद सगळ्यांच्या अंगावर आलं.

अब्बा पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. शेजाऱ्यांनी तिघांना बाहेर काढून ठेवलं होतं. पाऊस सुरू होता. कब्री खोदायला माणसं कमी आणि मय्यती जास्त. गावातल्या हिंदू भावांच्या चिता एकीकडे, आमच्या कब्री दुसरीकडे. लिंबाच्या झाडापासून एक ओळ धरली आणि त्या ओळीत 18 कब्री झाल्या. कोण कुठे याची खूण कुणी ठेवली नाही, ठेवायचं कुणाला सुचलंही नाही. अब्बा म्हणतात, "लिंबापासून चौथी, पाचवी, सहावी, असं मनात धरलं होतं." चाळीसाव्याला ते परत गेले तेव्हा पावसाने मातीचे उंचवटे बसून गेले होते. पुढे कधीतरी लिंबाचं ते झाडही कुणी तोडून नेलं.

अब्बा हे कधी बोलायचे नाहीत. 2021 मध्ये अम्मी गेली. तिला नव्या कब्रस्तानात दफन केलं. तिची कब्र आहे, तिथे उभं राहता येतं. तेव्हापासून अब्बांच्या तोंडी एकच गोष्ट. "तुमची अम्मी सापडते. माझी माँ सापडत नाही. बच्ची सापडत नाही."

भाईचं म्हणणं होतं, त्या ओळीला फरशी बसवू, दगडावर तिघांची नावं कोरू, म्हणजे पुढच्या पिढीला कळेल. आपाला ते पटेना. दोघांत बोलाचाली झाली आणि पंधरा दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी भाईनेच नव्या गावातल्या इमामसाहेबांना विचारलं. त्यांनी सांगितलं की कब्रीवर चुना-गच्ची करायला आणि बांधकाम करायला रसूलुल्लाह सल्लल्लाहू अलैहि वसल्लम यांनी मनाई केली आहे. आणि नावं तरी कुठल्या जागेवर कोरणार? दुसऱ्याच्या आईवर आपल्या आईचं नाव लागलं तर? यावर भाई गप्प झाला.

मग इमामसाहेबांनी बुखारी शरीफमधली ती हदीस सांगितली, जी आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. हुजूर दोन कब्रींजवळून जात होते. त्या दोघांवर अजाब होत होता, एकावर लघवीच्या शिंतोड्यांपासून स्वतःला जपत नसे म्हणून, दुसऱ्यावर चुगल्या करत फिरे म्हणून. हुजूरांनी खजुराची एक ओली फांदी घेतली, तिचे दोन भाग केले आणि एकेक भाग एकेका कब्रीवर रोवला. या ओल्या आहेत तोवर त्यांचा त्रास हलका होईल अशी आशा त्यांनी बोलून दाखवली. काही उलमा म्हणतात की ही गोष्ट हुजूरांपुरतीच खास होती, काही म्हणतात की तसं करणं आपल्यालाही चांगलं. इमामसाहेबांनी तो वाद आमच्यावर लादला नाही. एवढंच म्हणाले, "कब्र खोदू नका, पक्की करू नका. तिच्यावर आपोआप उगवलेलं हिरवं उपटू नका, आपल्या फिक्हच्या किताबांत ते नापसंत लिहिलंय. लावायचंच असेल तर बांधावर लावा आणि अल्लाहवर सोडा."

आम्हाला वाट मिळाल्यासारखं झालं. भाई सोलापूरहून देशी गुलाबाची बारा आणि मोगऱ्याची सहा रोपं घेऊन आला. आम्ही ती जुलैत लावली. पाऊस होता तोवर छान धरली. नोव्हेंबरपासून दर रविवारी भाई मोटारसायकलवर दोन कॅन पाणी बांधून न्यायचा. फेब्रुवारीत दोन रविवार चुकले. मार्चमध्ये नव्या गावातच नळाला आठवड्यातून एकदा पाणी येऊ लागलं. तेव्हा कब्रस्तानाकडे कॅन घेऊन निघताना शेजारची बाई बघते आहे हे भाईला जाणवलं. ती काही बोलली नाही, पण त्याला लाज वाटली. एप्रिल संपायच्या आत अठराही रोपांच्या काड्या झाल्या. त्या काड्या अब्बांनी बघितल्या आणि आम्हाला वाटलं, हे आपण केलं नसतं तर बरं झालं असतं.

मग आपाने कळलावीचं नाव काढलं. पावसाळ्यात कुंपणाच्या काट्यांतून वर चढते, लाल-पिवळ्या पाकळ्या दिव्याच्या ज्योतीसारख्या वर उभ्या राहतात. जमिनीत कंद असतो, उन्हाळाभर तो झोपून राहतो आणि पावसाला पुन्हा फुटतो. पाणी घालायला नको. पण अब्बांनी साफ नाही म्हटलं. कळलावी अंगभर विषारी, कंद तर सगळ्यात जास्त. जुन्या गावठाणात राखोळीची पोरं फिरतात, हाताला लागेल ते उकरतात. मेलेल्यांसाठी फूल लावायचं आणि जित्यांचा जीव घालवायचा, हे कसलं काम?

तरवडाचं नाव तात्यांनी काढलं. तात्या म्हणजे अब्बांचे लहानपणचे सोबती, धनगर, आजही दहा-बारा मेंढरं राखतात. भूकंपाच्या दिवशी आमच्या घराचं माळवद उपसणाऱ्यांत तेही होते. वाळलेल्या गुलाबांकडे बघून म्हणाले, "आवं भाई, प्यायला पानी न्हाई अन् गुलाब कशापायी? तरवड लावा की. मेंढरू तोंड लावत न्हाई, पानी मागत न्हाई."

अब्बा हसले. किती दिवसांनी हसले असतील! म्हणाले, "माँ तो तरवर की काडी सेच दात घिसती थी." आमच्या घरात तरवडाला तरवरच म्हणतात. दादी रोज सकाळी माळावरून तरवडाची कोवळी काडी तोडून आणायची, एक टोक चावून त्याचा कुंचा करायची आणि त्याने दात घासायची. साठीतही तिचे सगळे दात शाबूत होते म्हणे.

तरवड आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण कुणी थांबून बघत नाही. माळावर, रस्त्याकडेला, जिथे मुरूम उघडा पडला आहे तिथे तो हमखास असतो. कमरेएवढं, फार तर डोक्याएवढं झुडूप. चिंचेसारखी पण जरा मोठी संयुक्त पानं. पानाच्या देठाशी दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी छोटी पानं असतात. त्याच्या शास्त्रीय नावात ऑरिक्युलाटा हा शब्द आहे, तो या कानांवरूनच. फूल पाच पाकळ्यांचं, सोन्यासारखं पिवळं. मूळ सरळ खोल जातं, म्हणून मे महिन्यातही झुडूप हिरवं राहतं. याच्या सालीत चामडं कमावायचा गुण आहे. रासायनिक पावडरी येण्याआधी दक्षिण भारतातलं कितीतरी चामडं तरवडाच्या सालीवर कमावलं जायचं. एवढं कामाचं झुडूप, पण घरासमोर ते कुणी लावत नाही, कारण ते फुकट मिळतं.

2023 च्या फेब्रुवारीत आम्ही बी गोळा केलं. तरवडाच्या शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ, वाळल्या की तपकिरी होतात आणि हलवल्या की खुळखुळतात. एकेका शेंगेत दहा-पंधरा बिया. एका दुपारी माळावरून पिशवीभर शेंगा आणल्या. आपा आणि तिसऱ्या नंबरच्या बहिणीने अंगणात सुपात पाखडून बी काढलं. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. म्हणून ठरलं की बी निवडायचं, भिजवायचं काम बहिणींचं, आणि बांधाच्या बाहेरच्या बाजूने लावायचंही त्यांनीच. आतली बाजू भाईची.

पहिल्याच घासाला खडा लागला. मृग निघाला तसं शंभर बिया तशाच कोरड्या टोचल्या. तीन आठवड्यांत उगवली फक्त नऊ. दुसऱ्या साठ बिया पिशव्यांत लावल्या होत्या. त्यातली थोडी उगवली, पण वीतभर झाल्यावर बांधावर नेली तर एकही धरलं नाही. सोटमूळ पिशवीच्या तळाशी वळलेलं होतं, काढताना तुटलं. तात्या म्हणाले, "आरं, त्येला जागा बदलाया आवडत न्हाई. जितं पडला तितंच ऱ्हातो."

आपाने मग कृषी सहायकाला विचारलं. तिला कळलं की या बीचं कवच फार टणक असतं, पाणी आत शिरत नाही. माळावर ते ऊन-पावसाने हळूहळू झिजतं, कधी दोन-दोन वर्षं लागतात. घाई असेल तर पाणी उकळायचं, विस्तवावरून उतरवायचं, त्यात बी टाकायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी जे बी फुगलेलं दिसेल ते लगेच पेरायचं. जे फुगलं नाही त्याला पुन्हा तेच पाणी. आम्ही दोनशे बिया अशा भिजवल्या. सकाळी पातेल्यात बघितलं तर निम्म्याहून जास्त बी टपोरं झालं होतं. भाईने ओळीच्या दोन्ही टोकांना, कब्रींपासून लांब, आणि बहिणींनी बांधाच्या बाहेरून, हात-हात अंतरावर खड्ड्यात दोन-दोन बिया टाकल्या. खोली बोटाच्या एका पेराएवढी, त्याहून जास्त नाही. आठ-दहा दिवसांत कोंब दिसले.

आणि मग पाऊस गेला. 2023 चा ऑगस्ट आठवत असेलच. देशात 1901 पासूनच्या नोंदींमध्ये इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. सोयाबीन डोळ्यांदेखत पिवळं पडलं. आमची रोपं चार बोटांची होती. भाई पुन्हा कॅन बांधायला निघाला तेव्हा अब्बांनी हात धरला. "नको. इसको आदत मत लगा." आम्हाला ते कठोर वाटलं. आता कळतं की बरोबर होतं. वरचेवर पाणी घातलं असतं तर मूळ वरच राहिलं असतं. काही रोपं गेली. बरीच पान मिटून, वाढ थांबवून तशीच उभी राहिली. हिवाळा गेला, 2024 चा उन्हाळा गेला. तो संपला तेव्हा बांधावर 61 रोपं जिवंत होती. त्यांना आम्ही एक तांब्याही पाणी दिलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडली, जी आम्हाला कुणी सांगितली असती तर खरी वाटली नसती. पहिल्या वर्षीच्या त्या शंभर कोरड्या बियांपैकी जिथे काहीच उगवलं नव्हतं, तिथे जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर कोंब आले. एक-दोन नव्हे, सतरा. ज्या बिया मेल्या म्हणून आम्ही हिशेबातून काढून टाकल्या होत्या, त्या वर्षभर जमिनीत तशाच जिवंत होत्या. अब्बांनी ते कोंब मोजले, पुन्हा मोजले आणि रुमालाने डोळे पुसले. कुरआनात मेलेल्या जमिनीला पावसाने जिवंत करण्याची मिसाल कितीदा येते! आम्ही ती लहानपणापासून ऐकत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा ती मिसाल आम्हाला पायाखाली दिसली.

सप्टेंबरच्या शेवटी पहिली फुलं आली. 30 तारखेला अब्बा बांधापाशी उभे राहिले तेव्हा त्या ओळीच्या दोन्ही टोकांना पिवळं होतं. काळे मोठे भुंगे फुलाला लटकून एक वेगळाच आवाज काढत होते. या फुलात मध नसतो, परागच असतो. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो तेव्हा पराग बाहेर उडतो. आपाने इमामसाहेबांना विचारलं होतं की माणसाने लावलेल्या झाडाचं माणूस, पाखरू किंवा जनावर खाईल तर तो सदका होतो असं हदीसमध्ये आहे, पण तरवड तर शेळीसुद्धा खात नाही, मग सवाब कसला? ते हसून म्हणाले होते, "खाणारा अल्लाह पाठवतो, तुम्ही कशाला काळजी करता?" भुंगे आले. मग पानांवर हिरव्या अळ्या आल्या. भाई औषध मारायला निघाला, तर अब्बा म्हणाले, "खाने दे." पंधरा-वीस दिवसांनी त्याच बांधावर फिकट पिवळसर फुलपाखरं उडत होती आणि झुडपांना नवी पानं फुटत होती.

ऑक्टोबरच्या 3 तारखेला घटस्थापना होती. दोन दिवस आधी तात्यांची सून दोन बायकांना घेऊन बांधापाशी आली. तुळजाभवानीच्या या मुलखात घटाला रोज एक माळ घालतात आणि तरवडाच्या फुलांच्या माळेचा त्यात मोठा मान. माळावरचा तरवड आता कमी झाला आहे, जेसीबीने माळ फोडून शेतं झाली. त्या बायका बांधाच्या बाहेर उभ्या राहून विचारू लागल्या, "फुलं तोडली तर चालंल का? कब्रस्तानातली हायती म्हनून इच्यारलं." आम्ही एकमेकांकडे बघितलं. तेवढ्यात अब्बा म्हणाले, "घेऊन जा बेटी. झाड मोडू नका, तेवढं बघा." त्यांनी फुलं ओच्यात भरली. निघताना तात्यांच्या सुनेने बांधाला हात लावून नमस्कार केला. तिच्या सासऱ्यांनी कुणाला उपसून काढलं होतं, हे तिला ठाऊक आहे.

शेजारच्या तेलंगणात हेच फूल तंगेडू नावाने राज्याचं फूल आहे आणि त्याच दिवसांत बतुकम्मासाठी बायका त्याचे थर रचतात. आपला जिल्हा निजामाच्या काळात त्याच मुलखाचा भाग होता. सीमा बदलल्या, नावं बदलली. तरवडाला त्याचं काही नाही. मुरूम दिसला की तो उभा राहतो.

2025 च्या सप्टेंबरात उलटच झालं. जिल्ह्यात पावसाने हाहाकार केला, नद्या शेतांतून वाहिल्या. आम्हाला वाटलं, दुष्काळात तगलेलं आता पाण्याने जाणार. खालच्या अंगाला जिथे पाणी तुंबलं, तिथली काही झुडपं कुजली खरी. उतारावरची मात्र शाबूत राहिली, मुरमात पाणी ठरत नाही. तरवड कोरडेपण सोसतो, तुंबलेलं पाणी सोसत नाही, हे आम्ही तेव्हा शिकलो. तुम्ही लावाल तर निचऱ्याची जागाच बघा, आणि कब्रीवर नको, बांधावर लावा.

वाचकांना आमचं एवढंच सांगणं आहे. आपल्या भागात प्रत्येक गावात एखादं कब्रस्तान असतं, जिथे आता कुणी जात नाही. गाव हललं, पोरं पुण्या-मुंबईला गेली, काटे वाढले. तिथे बाग करायला निघू नका. फेब्रुवारीत मूठभर तरवडाच्या शेंगा आणा. मृगाच्या आदल्या रात्री बी गरम पाण्यात टाका, सकाळी पोरांना सोबत घ्या आणि बांधाच्या कडेने टोचा. पहिल्या पावसाळ्यात आजूबाजूचं गवत तेवढं काढत जा. मग विसरून जा. दोन वर्षांनी जाऊन बघा.

गेल्या 30 सप्टेंबरला अब्बा नेहमीप्रमाणे बांधाशी उभे होते. दुआ झाल्यावर भाईने विचारलं, "अब्बा, कोणतीतरी एक ओळखू येते का?" त्यांनी मान हलवली. मग 18 कब्रींच्या त्या ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि म्हणाले, "सब अपनेच हैं." त्यांना त्यांची माँ सापडली नाही, आम्हाला आमची धाकटी सापडली नाही. पण त्या दिवसापासून अब्बा शोधत नाहीत. त्या ओळीत 18 जण आहेत, दुआ 18 जणांसाठी होते. अल्लाह त्या सगळ्यांची मगफिरत करो, आणि त्या पहाटे जे गेले त्या प्रत्येकाच्या घरच्यांना सब्र देवो. आमीन.